कापसाच्या गोडाऊनमधला टँगो

हमीदचाचांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच खोल बेटा. मेरे से अब ये दरवाजा नहीं सरकता."

लोखंडी दार करकरत बाजूला सरकलं आणि डोळ्यांआधी नाकाला ओळख पटली. सरकीचा जड, तेलकट वास. तागाच्या पोत्यांचा कोरडा वास. आणि त्यांच्याखाली, शेजारच्या कृषी केंद्रातून भिंतीत मुरलेला फवारणीच्या औषधाचा. या गोडाऊनमध्ये कापूस येऊन कितीतरी वर्षं झाली, पण वास जुन्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला आहे. पुढच्या महिन्यात इथे टाइल्सचं दुकान होणार. पलीकडचं चाचांचं गाद्यांचं दुकानही त्यातच जाणार, म्हणून त्यांची मुलगी नसीम सामान आवरायला पुण्याहून येणार होती. मलकापूरला रेल्वेतून उतरून, घाट चढणाऱ्या बसनं. म्हणजे अजून तासभर तरी होता. मी मुद्दाम आधी आले होते. नसीमच्या आधी पोचायचं, ही माझी जुनी खोड.

सांगून टाकते, मी जळकी आहे. लहानपणी शेजारणीच्या मुलीला नवा फ्रॉक आला की मला ताप भरायचा. आई म्हणायची, "इच्या पोटात बारा महिने चूल पेटेल रायते." चूल वयाबरोबर विझते म्हणतात. माझी नाही विझली.

या गोडाऊनमध्ये मी टँगो शिकले. अर्जेंटिनाकडचा जोडीनं करायचा नाच. दोघांनी एकमेकांना कवेत धरायचं, एकानं पुढे चालायचं, दुसऱ्यानं मागे. तो बुलढाण्यात कसा आला म्हणाल तर कापसाच्या बियाण्याबरोबर आला. अलका मॅडमचे यजमान बियाणं कंपनीत शास्त्रज्ञ होते. कंपनीनं त्यांना आधी अर्जेंटिनात ठेवलं आणि परत आल्यावर अळीला दाद न देणाऱ्या बीटी कापसाच्या प्लॉटांवर देखरेख करायला आमच्याकडे पाठवलं. बीटी आणि टँगो एकाच जीपमधून उतरले. बीटीचं स्वागत दणक्यात झालं. शेताशेतात बोर्ड लागले, पार सोनाळ्याकडचे शेतकरी ट्रॅक्टर भरभरून प्लॉट पाहायला आले. टँगोच्या स्वागताला आम्ही मूठभर कॉलेजच्या मुली होतो. मॅडम म्हणायच्या, "तिकडे भाषा येत नव्हती म्हणून एकटी पडले, म्हणून नाच शिकले. इथे भाषा येते, तरी एकटीच पडले." म्हणून शिकवायला लागल्या.

माझे बाबा कोर्टात कारकून. त्यांनी मॅडमना खुर्चीत बसवून रीतसर उलटतपासणी घेतली.

"पोरं नाहीत ना वर्गात?"

"नाहीत."

"खिडक्या?"

"उंचावर आहेत."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले, तरी आठवडाभर त्यांचं मन साशंक होतं. चाचांनी मात्र एवढंच विचारलं होतं, "नाच में पाँव बहुत दुखते क्या?" दुखत नाहीत म्हटल्यावर त्यांनी नसीमला सोडलं. मला त्याचाही हेवा वाटला. आपल्याला असा बाप का नाही, हे मी दोन दिवस उशीत तोंड खुपसून चघळत होते.

पोरं नाहीत, तेव्हा निम्म्या मुलींनी पुरुष व्हायचं ठरलं. मॅडमनी उंचीप्रमाणे रांग लावली. उंच त्या पुरुष, बुटक्या त्या बायका. मी रांगेत सगळ्यांत शेवटी, म्हणजे पुरुषांत पहिली. नसीम माझ्या खांद्याला लागायची, ती माझ्या वाट्याला आली. आमच्याकडे मुली एकमेकींना 'काय वं' म्हणतात, 'बे' म्हणतात ते पोरांना. नसीमनं पहिल्याच दिवशी मला "काय बे, धर की नीट" म्हणून हाक मारली. मला ते इतकं आवडलं की दुसरी कोणी 'बे' म्हणाली की तिच्याशी मी बोलणं टाकायचे.

पोती आणि गाठोडी ओढून ओढून फरशी इतकी गुळगुळीत झाली होती की आम्ही नुसत्या मोज्यांवर नाचायचो. मी बाबांचे ऑफिसचे काळे मोजे चोरून न्यायचे. झाडून काढलं तरी रुईचे तंतू राहायचेच, ते मोज्यांना चिकटून घरी यायचे, आणि बाबा कोर्टात बसून पायाची रुई वेचायचे. टेपमधून टँगोचं वाद्य वाजायचं. आमच्या पेटीसारखंच भात्याचं वाद्य, पण पेटीपेक्षा रडवं, मध्येच श्वास अडकल्यासारखं थांबणारं. आणि भिंतीपलीकडून चाचांच्या पिंजणीचा टणत्कार. तेव्हा मशीन आलं होतं, तरी जुन्या गिऱ्हाइकाची गादी चाचा हातानं पिंजायचे. पिंजण आणि टेप यांचा ताल कधी जुळला नाही. मॅडम वैतागायच्या. आज त्या दोन्ही आवाजांतला कोणता जास्त आठवतो, सांगता येणार नाही.

पहिला अख्खा पावसाळा आम्ही नुसत्या चाललो. दुसरं काही नाही, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालणं. आई हबकली. "चालाले शिकवते ते बाई? तू तं वर्साची व्हायच्या आंधीच चालाले लागली होती!" आईला काय सांगणार, मला चालता येत नव्हतं हे मलाच तिथे कळलं होतं. हातानं ढकलायचं नाही. छातीतून सांगायचं, आणि समोरचीनं छातीतूनच ऐकायचं. त्याला मॅडम मिठी म्हणायच्या आणि आम्ही माना खाली घालून फुसफुसत हसायचो. आपसात आम्ही त्याला 'धरणं' म्हणत असू.

नसीम उलटी चालायची, डोळे मिटून. गोडाऊनमध्ये मधोमध लोखंडी खांब आहेत, तिच्या पाठीमागे कुठल्याही क्षणी खांब असायचा. बाकीच्या मुली चोरून मान वळवायच्या. नसीमनं कधी वळवली नाही. खांब आला की मी अर्धा श्वास थांबायचे, तिला वळवायचे, पुढे जायचे. तिच्या केसांना शिकेकाईचा वास, ओढणीला नव्या गादीचा, आणि कपाळ माझ्या खांद्याशी. ती माझ्यावर विसंबून डोळे मिटते, हा माझा मान आहे असं मला वाटायचं. कॉलेजात माझ्याकडे फारसं कोणी वळून पाहत नव्हतं. इथे एक मुलगी न पाहता माझ्याबरोबर चालत होती. मला आणखी काय हवं होतं? हेच रोज हवं होतं, आणि हे दुसऱ्या कोणाला मिळायला नको होतं.

कापसाचं आणि आमचं गणित उलटं होतं. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की आसपासच्या खेड्यांतून गाड्या यायच्या आणि क्लास बंद. होळीपर्यंत गोडाऊन छतापर्यंत पांढरं. बीटीची ती सुरुवातीची वर्षं, झाडं बोंडांनी वाकलेली, जो तो खुशीत. नसीम आणि मी दारात उभ्या राहून त्या ढिगाकडे सवतीकडे पाहावं तसं पाहायचो. "आपला नाच याच्याखाली दबला बे," ती म्हणायची. मग वर्षं फिरली. एका साली पावसानं दगा दिला, पुढच्या साली फूल धरायच्या आधीच पात्या गळल्या. कापूस कमी आला की गोडाऊन रिकामं, आणि गोडाऊन रिकामं की आमचा क्लास दिवाळीनंतरही चालू. सोनाळ्याचे मामा पडलेल्या चेहऱ्यानं यायचे, "यंदा काई खरं नाई बाप्पा" म्हणत भिंतीला टेकायचे. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना चेहरा लांब करायचे आणि पायानं हळूच गिरकी घोटत असायचे. मामांना दुःख होतं हे मला दिसत होतं. पण डिसेंबरातही नसीम मिळणार, हे त्याहून मोठं दिसत होतं.

त्या रिकाम्या हंगामांनीच आम्हाला वरच्या वर्गात नेलं. आठाचे आकडे, कात्री, गिरकी. खरी नावं स्पॅनिश होती, मॅडम ती सांगायच्या, आम्ही आमची ठेवली. आणखी वर गेल्यावर कळलं की वर नवं काही नसतं. पुन्हा तेच चालणं, फक्त हळू. कधी थांबायचं ते शिकायचं, आणि थांबल्यावर घाई न करता उभं राहायचं. नसीमला ते जन्मतःच येत असावं. मॅडम काहीही दाखवायचं झालं की मला बाजूला सारून तिलाच घ्यायच्या. "बघा, नसीम कशी वाट बघते." मी बघायचे. मॅडमचा हात तिच्या पाठीवर कुठे आहे, तेच बघायचे.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मंदार आला. मॅडमचा भाचा. पुण्यात इंजिनिअरिंगला होता आणि तिथल्या एका टँगोच्या शाळेतही जायचा. मॅडमनी चाचांना विचारलं. "तुम्हारा भांजा है, तुम सामने हो, मग काय," चाचा म्हणाले. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. मी घरी सांगितलंच नाही.

त्यानं नसीमसमोर हात धरला. मी खांबाला टेकून उभी होते. पहिल्याच पावलाला तिचे डोळे मिटले. माझ्याबरोबर मिटत अगदी तसेच, तेवढ्याच हलकेपणानं. तो तिला नेत होता आणि ती जात होती, न अडखळता. या माणसाचं आडनावही तिला माहीत नव्हतं. राग आधी त्याचा आला, मग तिचा, मग त्या टेपचा.

घरी जाताना मी विचारलं, "त्याले तं तू ओयखत बी नाईस. मंग डोये काऊन मिटले?"

"उघडे ठेवले तं पाय ऐकू येत नाई ना."

"कोनाचे?"

"कोनाचे बी," नसीम म्हणाली आणि कुल्फीवाल्याकडे वळली. तिनं दोन कुल्फ्या घेतल्या, मला एक दिली. ती कुल्फी माझ्या हातात वितळून कोपरापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी मंदारनं मलाही बोलावलं. तो सभ्य होता हेच वाईट, उद्धट असता तर सोपं गेलं असतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझा पाय सवयीनं पुढे पडला. त्याचाही पुढेच पडला. आम्ही एकमेकांना भिडलो. तो मला ढकलेना, मी मागे हटेना, एका जुवाला तोंडं समोरासमोर करून जुंपलेल्या बैलांसारखे आम्ही जागच्या जागी झुंजत होतो. "तुम्ही मला नेताय," तो हसून म्हणाला, "तुम्ही फक्त पुरुषाचंच शिकलात का?" मुली हसल्या. नसीमही हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ती हसली. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की मला टँगो येतो. मला नसीमबरोबर चालता येत होतं, तेवढंच.

त्याच साली बोंडअळीनं घात केला. मॅडमच्या अंगणात रोज माणसं येऊन उभी राहायला लागली. भांडत नसत, नुसती उभी राहत. एका म्हाताऱ्यानं किडलेल्या बोंडांची फांदी पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, याले अळी लागत नाई म्हने." मॅडमचे यजमान, आमचे सर, खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. त्या दिवशी मॅडमनी टेप लावला नाही. आम्ही गाण्याशिवाय चाललो, आणि भिंतीपलीकडची पिंजणही बंद होती, कारण त्या साली कोणी गादी भरून घेत नव्हतं. मोज्यांची फरशीवरची सरसर तेवढी ऐकू येत होती.

महिन्याभरात सरांची बदली झाली, पुण्याला. जाताना मॅडम म्हणाल्या की तिथल्या शाळेत पुढचं शिकायला एक जागा मिळते आहे, राहायची सोय त्यांच्याच घरी. त्या आमच्या दोघींकडे पाहून बोलत होत्या, मग फक्त नसीमकडे पाहायला लागल्या. मी विचारलं, "आणि मी?" मॅडमनी माझा हात हातात घेतला. "पुरुष त्यांच्याकडे आहेत गं," त्या म्हणाल्या. बाबांनी मला तसंही सोडलं नसतं. पण नाही म्हणायला आधी बोलावणं तरी यायला हवं होतं.

"तू बी चाल," नसीम म्हणाली. "तथी बाईचं शिकून घे. तुले काय अवघड हाय?"

"मले उलटं चालता येत नाई," मी म्हटलं.

"मी शिकवतो की तुले."

"नोको."

त्या 'नोको'वर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. बसस्टँडवर चाचांनी तिला नव्या कापसाची रजई बांधून दिली होती. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला. मी तो धरला नाही, पिशवी नीट ठेव म्हणाले. बस घाटाकडे वळली आणि मी तशीच चाचांच्या दुकानात जाऊन न भरलेल्या गादीवर बसून राहिले. चाचांनी चहा मागवला.

नसीम मोठी झाली. शिकली, शिकवायला लागली, परदेशात जाऊन आली. मी इथेच शाळेत गणित शिकवते. नवरा जिल्हा परिषदेत आहे, भला माणूस. लग्नानंतर एकदा मी त्याला स्वयंपाकघरात धरलं आणि चार पावलं न्यायचा प्रयत्न केला. "हे काय, कुस्ती हाय काय?" म्हणत तो फोडणीपाशी जाऊन उभा राहिला. चाचा दुकानात बोलावून मोबाइलवर नसीमचे व्हिडिओ दाखवायचे. "देख बेटा, ये जपान का है. ये कोई डॉक्टर है." मी छान छान म्हणायचे. जपानचा, डॉक्टर, टक्कल पडलेला एक, लाल शर्टातला एक, सगळ्यांसोबत तिचे डोळे मिटलेले. घरी येऊन मी वरण करपवायचे. लाल शर्टवाल्याबरोबरच्या व्हिडिओत ती मध्येच थांबली, अर्धा श्वास, आणि वळली. खाली कोणीतरी लिहिलं होतं, काय सुंदर थांबते ही! अरे, तो आमच्या गोडाऊनचा खांब आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तिथे खांब नव्हता. पण मी तिला तिथे थांबायला शिकवलं होतं, आणि ते लाल शर्टाच्या नावावर जमा झालं.

"काय बे, कुलूप तोडलं काय?"

नसीम दारात उभी होती. केस पांढरे व्हायला लागलेले, डोळ्यांवर चष्मा, बुटांना बारीक टाच. मी लवकर आले ते उगाच, तिला पाहिल्यावर काय करायचं हे ठरवून झालंच नव्हतं. आम्ही आधी चाचांचं सामान आवरलं. खोळी, दाभण, तुटकी पिंजण. गप्पा झाल्या, माझ्या मुलाच्या, तिच्या गुडघ्याच्या. मग तिनं मोबाइल एका पोत्यावर ठेवून गाणं लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी तिला धरलं. पहिलं पाऊल टाकलं आणि ती गेली. दुसरं टाकलं, गेली. आठाचा आकडा, गिरकी, सगळं लोण्यासारखं. मला हसू फुटलं. इतक्या वर्षांनी मला सगळं येतंय! मग एका वळणावर मी ताल चुकले, मला ते पक्कं कळलं, आणि तरीही आम्ही बरोबर वळलो. पुन्हा मुद्दाम चुकले. पुन्हा आम्ही बरोबरच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्याबरोबर चालतच नव्हती. ती मला सांभाळून घेत होती. माझी प्रत्येक चूक माझ्या आधी उचलून बाजूला ठेवत होती, हसत, सराईतपणे, जशी ती तिच्या वर्गात नव्यानं आलेल्या कोणाही माणसाची उचलत असेल.

मी थांबले. "असं नोको करू."

"कसं?"

"माह्या चुका झाकून राह्यली तू. क्लासातल्या लोकाईच्या झाकतं तशा."

गाणं चालूच होतं. "आदत पडली बे," ती हळूच म्हणाली. "दिवसभर तेच करतो मी. कोनाचा पाय कुठी पडंन याचा नेम नसते."

"माहा पडू दे."

तिनं चष्मा काढून पोत्यावर ठेवला. मला पुन्हा धरलं, या वेळी जरा घट्ट, जरा वेंधळं. आम्ही चालायला लागलो. मी अडखळले तशी तीही अडखळली. मी उशीर केला, तिला उशीर झाला. एका वळणावर मी भलतीकडेच गेले आणि तिचा पाय थेट माझ्या उघड्या पायावर आला, टाचेसकट. कळ पार मस्तकात गेली.

"अल्ला! लागलं काय?" ती पाय उचलायला लागली.

जपानमध्ये, पुण्यात, जितक्या जणांसोबत ती नाचली असेल, त्यांतल्या एकाच्याही पायावर तिनं असा पाय दिला नसेल.

"हाव, लागलं," मी म्हटलं. "राहू दे तसाच."